वाटबघ्यांची ओळ

ओर्मसी,
६ मे १९५७

चि. अँब्रोज यास डॉर्कसताईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले, कारण आईनं तशी सवय लावून ठेवली आहे. पुढचं मात्र खुर्चीत नीट बसून वाच.

काल प्रार्थना आटोपून चर्चच्या दारातून बाहेर पडत होते, तर आपले पाद्री क्रॉसलीसाहेब पुढे आले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की तुमच्या भावानं फार शहाणपणाचा निर्णय घेतला, अभिनंदन. मी विचारलं, कसला निर्णय? तर म्हणे, आईंची कबर इथून हलवून नॉर्विचला न्यायचा. तुझी सही येऊन पडली सुद्धा! मागे सगळं गाव रांगेनं उभं, बाल्ड्रीबाई कान टवकारून पुढे सरकलेल्या, आणि मी तोंडावर असे भाव आणून उभी की जणू मला महिनाभरापासून ठाऊकच होतं. इतकं खोटं हसू मी जन्मात हसले नव्हते.

तू नॉर्विचकर होऊन जमाना झाला, म्हणून आठवण करून देते. आई आपल्या चर्चच्या आवारात अगदी कड्यालगतच्या ओळीत आहे. तिला वाटबघ्यांची ओळ म्हणतात. ज्यांची माणसं समुद्रातून परत आली नाहीत त्या बायका तिथं स्वतःहून जागा मागून घेतात. समुद्र दरवर्षी थोडा थोडा कडा खातो आणि एक दिवस त्यांना घेऊन जातो, म्हणजे नवऱ्याकडे पोचवतो. म्हणूनच मागतात. आईनं शुद्धीवर असताना, तुझ्यासमोर, माझ्यासमोर आणि ईनकसमोर तीच जागा मागितली होती. ईनक आजही इथल्या कबरी खणतो आणि त्याला शब्दन् शब्द आठवतो. तुलाच कसा आठवत नाही?

पाद्रीबाबांवर तर माझा आधीपासूनच राग आहे. त्यांनी उन्हाळी पाहुण्यांसाठी आपल्या पॅरिशच्या इतिहासाचं आणि प्रेक्षणीय स्थळांचं पुस्तक छापलं आहे. त्यात लिहिलंय की दुसरीकडे जागा नसल्यामुळे या ओळीत गरिबांना पुरत असत. गरीब! आपली आई! चर्चचा मनोरा समुद्राच्या अंगानं पांढरा का, तर म्हणे शोभेसाठी. होड्या त्याच्यावर नजर ठेवून घरी येतात हे यांना कुणी सांगितलं नाही, की यांनी विचारून घेतलं नाही. कळस म्हणजे गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ओळीतले सगळे दगड उलटे फिरवले. आपल्याकडे अक्षरं समुद्राकडे असतात, कारण वाचणारे तिकडे आहेत. पण पाहुण्यांना नावं वाचायला कड्याच्या टोकाशी जावं लागतं, कुणी पडलं तर काय, म्हणून आता अक्षरं पायवाटेकडे. आईचं नाव हल्ली आइसक्रीम चाटणारे लोक वाचतात.

बाकी बरं आहे. कोंबड्या अंडी देतात, ईनकचा गुडघा साथ देत नाही. तुझ्या बायकोला, हिल्डाला, सांग की तिनं मागितलेला रुबार्बचा मुरंबा करून ठेवलाय. तो तिला मिळेल. तुला मिळेल की नाही ते तुझ्या उत्तरावर आहे.

उलट टपाली सही मागे घेतल्याचं कळव. माया आहे तशीच आहे, पण तिची परीक्षा बघू नकोस.

तुझी ताई,
डॉर्कस

---

नॉर्विच,
१० मे १९५७

ती. डॉर्कसताईस अँब्रोजचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. तुला ही गोष्ट पाद्रीसाहेबांच्या तोंडून कळली याचे वाईट वाटते. मी लिहिणारच होतो, पण तुझे उत्तर काय येईल ते ठाऊक असल्याने उद्यावर ढकलत गेलो. ती चूक कबूल. बाकी काही कबूल नाही.

मार्चमध्ये पलीकडच्या गावचा कडा ढासळला, त्याचा फोटो इथल्या वर्तमानपत्रात आला होता. वाळूत पडलेली हाडे आणि त्यांच्याकडे बघणारे कुत्रे. तो अंक माझ्या दुकानाच्या काउंटरवर पडलेला होता. एक गिऱ्हाईक घड्याळ दुरुस्तीला देता देता मला म्हणाले की अटिंगसाहेब, तुम्ही त्याच बाजूचे ना? ताई, मला त्या दिवशी हातात चिमटा धरवेना. उद्या तिथे आपली आई असेल, आणि लोक चहाबरोबर तो फोटो बघतील. तुम्ही ओर्मसीकर याला नवऱ्याकडे जाणे म्हणता. बाकीचे जग याला हेळसांड म्हणते.

इथली दफनभूमी उंचावर आहे. झाडे आहेत, गवत कापलेले असते. मी दर रविवारी जाऊ शकेन. आई माझीही आई होती, हे तू कधीकधी विसरतेस. एकुलता मुलगा म्हणून कागदावर सही माझीच लागते, हा नियम मी केलेला नाही.

सही मागे घेणार नाही. मुरंब्याचे काय ते तू आणि हिल्डा बघून घ्या.

रागातही लोभ राहावा, ही विनंती.

तुझा,
अँब्रोज

---

ओर्मसी,
१४ मे १९५७

अँब्रोज,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवलेत.

हेळसांड? शेवटच्या वर्षात आईची कूस कोण बदलत होतं? तिला चमच्यानं पेज कोण भरवत होतं? तू नाताळला यायचास, कोट न काढता खुर्चीच्या काठावर बसायचास आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उठायचास. आणि आता सही तुझी! मी बिशपच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या कारकुनानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की घरात पुरुष माणूस कोण आहे? मी म्हटलं, माझा कोंबडा आहे, त्याला घेऊन येऊ का? त्यानं दार दाखवलं. आता तिथं माझं नाव निघालं की दार आधीच लावून घेत असतील.

तू जगाच्या गोष्टी सांगतोस, म्हणून मी तुला आपल्या गावाची सांगते. आपलं हे चर्च तिसरं. पहिलं समुद्राच्या तळाशी आहे, दुसऱ्याचा मनोरा आजोबांच्या लहानपणी पडला. बाजारचा चौक गेला, धक्का गेला, सरायसुद्धा गेली. दर मे महिन्यात आपण पॅरिशची हद्द चालून येतो तेव्हा अर्धी हद्द होडीतून फिरावी लागते, कारण ती पाण्याखाली आहे. तरी एकेका जागेचं नाव घेऊन काठीनं पाण्याला शिवतोच ना? आमचं गाव बुडत नाहीये रे, ते फक्त तिकडे राहायला चाललंय. तुला हे वेड वाटतं. वाटू दे. पण आईला वाटत नव्हतं, आणि अंगावर माती तिच्या आहे, तुझ्या नाही.

बाबांची होडी परत आली नाही तेव्हापासून आई रोज कड्यावर जाऊन उभी राहायची. पाऊस असो, बर्फ असो. मला वाटायचं हिला थंडी कशी वाजत नाही. मरताना ती एवढंच म्हणाली की आता मला उभं राहायला नको, झोपून वाट बघेन. असं बाईनं म्हटल्यावर तिला उचलून गाडीत घालायची, कुत्र्यांच्या एका फोटोपायी?

मला खरं कारण सांग. तू भित्रा आहेस, पण फोटोला भिण्याइतका नाहीस. तुझ्या पोटात दुसरं काहीतरी आहे. लहानपणापासून आहे. बाबांचं नाव काढलं की तू खिडकीबाहेर बघायचास.

काय ते लिही. मायेचं नंतर बघू.

डॉर्कस

---

नॉर्विच,
२४ मे १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

मायना मी सोडणार नाही, तू सोडलास तरी.

परवानगी आली. माणसे जूनच्या ११ तारखेला सकाळी येतील. इथलेच ठेकेदार आहेत, नीटनेटके काम करतात. दगडही आणतील. पाद्रीसाहेबांना त्या दिवशी परगावी जायचे आहे, तेव्हा घरचे कोणीतरी हजर असावे असे त्यांनी कळवले आहे. माझ्याच्याने ते होणार नाही. तू राहावेस, एवढी विनंती आहे. भांडायला नाही, आई एकटी नसावी म्हणून.

खरे कारण विचारू नकोस. ते ऐकून तुला बरे वाटणार नाही.

तुझा,
अँब्रोज

---

ओर्मसी,
१२ जून १९५७

अँब्रोज,

तुझी माणसं आली. दगडावरचं नाव मोठ्यांदा वाचलं, अक्षरांसमोर खणलं, पेटी निघाली ती नव्या पेटीत ठेवली, दगड उचलला आणि गाडी गेली. माणसं सभ्य होती. मी त्यांना चहा दिला.

मी आणि ईनक तिथंच उभे होतो. बाल्ड्रीबाई आणि निम्मं गाव भिंतीपाशी होतं. कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. तू भांडू नकोस म्हणाला होतास, म्हणून भांडले नाही.

ऊन चांगलं पडलं होतं.

डॉर्कस

---

नॉर्विच,
८ जुलै १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे छोटे पत्र अनेकदा वाचले. तू इतक्या शांतपणे घेशील असे मला वाटले नव्हते. हिल्डा म्हणते की ताई थकल्या असतील. मला वाटते, तुलाही आतून पटले असावे.

जागा सुरेख मिळाली. लिंडनच्या झाडाखाली आहे. दगड बसवला, धुऊन घेतला. दर रविवारी प्रार्थनेनंतर मी आणि हिल्डा जातो. मी आईशी थोडे बोलतोही. दुकानाचे सांगतो, गुडघे दुखतात ते सांगतो. लहानपणी मला आत्याकडे शिकायला पाठवले तेव्हापासून तिच्याशी एवढे बोललो नव्हतो. ताई, खरे सांगतो, गेल्या रविवारी मी तिथे रडलो आणि मला फार हलके वाटले.

तू इतका मोठेपणा दाखवलास, तेव्हा आता तुझ्यापासून लपवणे बरे नाही. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी केझाया मॉब्जच्या फाटकाला लटकत होतो. तीच केझाया, आईशी जन्मभर न बोललेली. ती माझ्याजवळ आली, माझी टोपी सारखी केली आणि म्हणाली की रडू नकोस बाळा, तुझे वडील बुडालेले नाहीत, ते आमच्या अबेलबरोबर कॅनडाला गेलेत, तिकडे त्यांचे बरे चालले आहे.

मी कोणाला सांगितले नाही. आई कड्यावर उभी राहायची तेव्हा मी तिच्या पाठीकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, अगं ये ना घरात, तो तिकडे मजेत आहे. मी मोठा झालो, लग्न झाले, डोक्याचे केस गेले, पण तो राग गेला नाही. बायको आणि दोन पोरे टाकून गेलेला माणूस. आणि त्याच्यासाठी माझ्या आईने मेल्यावरही समुद्राकडे तोंड करून पडायचे? मी ते होऊ देणार नव्हतो. तुला हेच कारण हवे होते ना? हे घे.

आता सगळे सांगून झाले. लोभ वाढावा.

तुझा,
अँब्रोज

---

ओर्मसी,
११ जुलै १९५७

अरे गाढवा,

तुझं पत्र वाचलं आणि हातातली किटली आपटली. तिला पोचा आलाय.

पंचेचाळीस वर्षं! आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस? एका बाईनं फाटकाशी काहीतरी म्हटलं, आणि तू सख्ख्या बापाला कॅनडात बसवून ठेवलंस?

ऐक. होडीत दोघं होते, बाबा आणि केझायाचा भाऊ अबेल. अबेल म्हणजे तिचं सगळं घरदार. तिला दुसरं कुणी नव्हतं. होडीच्या फळ्या पलीकडच्या किनाऱ्याला लागल्या, त्यातल्या एकीवर टॅबिथा हे आईचं नाव होतं. ती फळी मी आईबरोबर जाऊन उचलून आणली. फळीला जाळं अडकलेलं होतं, आणि जाळ्यात हेरिंग मासे होते, भरून, फाटेस्तोवर. पळून जाणारा कोळी भरलेलं जाळं टाकून जातो का रे? तूच सांग. पण ते जाळं केझायाला दाखवलं तेव्हा तिनं आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. तिला तो मेलेला चालणारच नव्हता. म्हणून तिनं कॅनडा काढला. सगळ्या गावाला सांगत सुटली. आईनं तिच्याशी बोलणं टाकलं ते याच्यापायी. सगळं गाव हे ऐकून मुकाट्यानं मान डोलवायचं, कारण तिची दया यायची. खरं मानलं ते फक्त तू!

आता दुसरं ऐक, आणि हिल्डाला जवळ बसव.

तू ज्या बाईला दुकानाच्या आणि गुडघ्यांच्या गोष्टी सांगतोस, ती आई नाही. पाद्रीबाबांनी दगड उलटे फिरवले, माणसं नाही फिरवली. आई दगडाच्या समुद्राकडच्या अंगाला आहे, होती तिथंच. तुझ्या नीटनेटक्या ठेकेदारानं अक्षरं पायवाटेकडे दिसली म्हणून पायवाटेच्या अंगाला खणलं. त्या अंगाला मागच्या ओळीतल्या कबरीचं पायथ्याचं टोक येतं. तिच्यावरचा लाकडी क्रूस केव्हाच कुजून गेला, म्हणून परक्याला कळायचं नाही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे ती कुणाची ते. केझाया मॉब्जची.

होय, मला पहिल्या फावड्यालाच कळलं. ईनकलाही कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं, मग त्यानंही आभाळाकडे बघितलं. भिंतीपाशी बाल्ड्रीबाईंनी तोंडात रुमाल कोंबला होता. मी बोलले नाही आणि मला त्याची लाज वाटत नाही. केझाया मरेपर्यंत ओरडून सांगायची की मला त्या पाण्याजवळ पुरू नका, त्यात माझं कुणी नाही. जागा नव्हती म्हणून तिला तिथं ठेवलं. तू तिला झाडाखाली नेलंस, तिचं बरंच झालं.

आईला मात्र मी हलू देणार नव्हते. तुझ्या सहीनंही नाही आणि बिशपच्या शिक्क्यानंही नाही. एवढं लिहूनही तुझ्यावर माया उरली आहे, याचाच मला जास्त राग येतो.

डॉर्कस

---

नॉर्विच,
१६ जुलै १९५७

डॉर्कस,

मायना सोडला आहे. माझ्याच्याने लिहवत नाही.

तू उभी राहिलीस आणि बघत राहिलीस. सगळ्या गावाने तमाशा बघितला. मी इथे रविवारमागून रविवार त्या बाईसमोर गुडघे टेकले. त्याच बाईसमोर! तुझे पत्र हिल्डाला वाचून दाखवले, तर ती आधी हसली. हसू आवरेना म्हणून तोंडावर नॅपकिन धरून स्वयंपाकघरात गेली. मी जेवणावरून उठलो. मग ती बाहेर येऊन रडली, पण ते मला पुरले नाही.

भरलेल्या जाळ्याचे तू लिहिलेस. मला कोणी सांगितले होते? मी सहा वर्षांचा होतो. मला आत्याकडे पाठवून दिलेत आणि तुम्ही मायलेकी कड्यावर उभ्या राहिलात. मी विचारले नाही म्हणतेस. तुम्ही कोणी सांगितले का? जो मुलगा बापाचे नाव काढताच खिडकीबाहेर बघतो, त्याला जवळ घेऊन विचारावे असे तुमच्यापैकी एकीलाही वाटू नये?

बिशपच्या कचेरीत नवा अर्ज दिला आहे. आता मी स्वतः येईन, स्वतः उभा राहीन आणि बरोबर जागी खणवून घेईन. बाबा बुडाले असतील किंवा नसतील. आई वाळूत पडणार नाही. शरद ऋतूत सुनावणी आहे.

त्याआधी लिहू नकोस.

अँब्रोज अटिंग

---

ओर्मसी,
४ नोव्हेंबर १९५७

अँब्रोज,

तू लिहू नकोस म्हणालास, म्हणून गेल्या आठवड्यात फक्त तार केली, की कड्याला भेग पडली आहे, ये. तुझी उलट तार आली, की सुनावणी पुढच्या सोमवारी. समुद्राला सुनावणीची तारीख कळवायची राहून गेली बघ.

परवा सकाळी वादळ ओसरत होतं. मी चर्चजवळ पोचले तेव्हा भेगेत हात जात होता. ईनक मला मागे ओढत होता. मग काही फार मोठा आवाज झाला नाही. एखादं थकलेलं माणूस खाली बसावं तसा कड्याचा तुकडा बसला आणि घसरत गेला. ओळीतल्या सहाजणी गेल्या. हाडं नाहीत, पेट्या नाहीत, कुत्रे नाहीत. नुसती ओली तांबडी माती, आणि भरतीनं दुपारपर्यंत तीही नेली. तुला भीती होती तसं काहीही दिसलं नाही. मला वाटलं हे तुला आधी सांगावं.

ओळीतली कुणी गेली की घरचं माणूस खाली वाळूत उतरतं आणि पाण्याकडे तोंड करून तिच्या नवऱ्याला हाक मारून सांगतं की ती निघाली आहे. हे मुलानं करायचं असतं. बाकी पाचजणींचे मुलगे, नातू धावत आले. कुणी गमबूट घालून, कुणी तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून. आईचं कुणी नव्हतं. मग मी उतरले. रूबन अटिंग म्हणून हाक मारली. बापाला नावानं हाक मारायची मला सवय नाही, पहिल्यांदा तोंडातून बाबा असंच निघालं. दुसऱ्यांदा मारली. सांगितलं की टॅबिथा आली आहे, सांभाळून घ्या. बाल्ड्रीबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मीच जिंकले ना? पण घरी आल्यावर मला तुझा एवढा राग आला की मी तुझा तो मख्ख चेहऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून उलटा ठेवला. आई गेली, बाबा गेले, आणि हाक मारायला मी एकटी. तू यायला हवं होतंस रे. सुनावणीला नाही. मला तुझी गरज होती. तुझं म्हणणंही खरं आहे. तुला जवळ घेऊन विचारायला हवं होतं. मी बारा वर्षांची होते, मला सुचलं नाही. आईला सुचायला हवं होतं, पण ती कड्यावर होती.

आता सही करण्यासारखं काही उरलं नाही. अर्ज मागे घे.

डॉर्कस

---

नॉर्विच,
१२ नोव्हेंबर १९५७

ती. ताईस अँब्रोजचा सा. न. वि. वि.

तुझी तार आली त्या दिवशी मी स्टेशनपर्यंत गेलो होतो. तिकीटही काढले. गाडी आली, गेली, आणि मी बाकावर बसून राहिलो. समुद्र बघायला लागेल, या एका गोष्टीने माझे पाय उचलेनात. उलट तारेत सुनावणीचे लिहिले ते खोटे नव्हते, पण ते कारण नव्हते. हे हिल्डालाही सांगितलेले नाही.

तुझे पत्र वाचले आणि रविवारची वाट न बघता दफनभूमीत गेलो. केझायासमोर उभा राहिलो आणि जे मनात येईल ते मोठमोठ्याने बोललो. तिला म्हटले की तुझा भाऊ तुला सोडवेना म्हणून तू माझा बाप माझ्यापासून काढून घेतलास. मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या. तुला वाटत होते ते कॅनडाचे स्वप्न तुझ्यापाशी ठेवायचे होतेस, फाटकाला लटकलेल्या पोराला कशाला दिलेस? गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून बघत राहिला. तो जवळ येऊन म्हणाला की साहेब, आईशी असे बोलू नये. मी त्याला सांगितले की ही माझी आई नव्हे. तो घाईघाईने निघून गेला.

ओरडून झाल्यावर घसा दुखू लागला. हातात फुले होतीच, वाटेत सवयीने घेतली होती. दुसरीकडे कुठे ठेवणार? तिथेच ठेवली. तिला तरी दुसरे कोण आहे?

पाथरवटाला बोलावून घेतले. दगडावरचे आईचे नाव तासून काढायला सांगितले, आणि केझाया मॉब्ज, अबेलची बहीण, असे घालायला सांगितले. त्याने विचारले की अबेल हयात आहेत की वारले? मी म्हटले की तिने ते शेवटपर्यंत ठरवले नाही, आपणही ठरवू नये, नुसते नाव घाल.

मग त्याला दुसरे काम सांगितले. एक लहानशी पाटी करून दे, ओर्मसीच्या चर्चमध्ये आतल्या भिंतीवर लावायला. आई आणि बाबा, दोघांची नावे एकत्र. ती घेऊन मी येईन. समुद्राकडे बघायला लागले तर बघेन, फक्त तू स्टेशनवर ये आणि मला परत गाडीत चढू देऊ नकोस. पाद्रीसाहेब काही बोलले तर त्यांच्याशी मी बोलतो. मला अजून राग पुरेसा शिल्लक आहे.

आईची तारीख मी पाथरवटाला लगेच सांगितली. मग त्याने बाबांची विचारली. ताई, मला ती ठाऊक नाही. इतक्या वर्षांत कधी विचारलीच नाही. माझ्या लेखी ते मेलेच नव्हते. तू माझ्यावर राग धरून ठेव, माझी ना नाही. पण बाबा कोणत्या दिवशी बुडाले, तेवढे मला लिहून कळव.

तुझा धाकटा,
अँब्रोज